उबाईची घोंगडी आणि अनसा परटीण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते नेमकं सांगता येत नाही. कोणी म्हणतं, घाटात गाडीरस्ता नव्हता तेव्हाची. कोणी म्हणतं, डोंगरावर वाघ होता तेव्हाची. वाघ होता की नाही, याबद्दलही दोन मतं आहेत. पण थंडी होती, हे सगळे मान्य करतात.

सह्याद्रीच्या पोटात उंबरदरी नावाचं गाव. दोन्ही बाजूंनी डोंगर असे चिकटलेले, की सूर्य उशिरा यायचा आणि पाहुण्यासारखा लवकर जायचा. अशा गावाची देवीही तशीच. तिचं नाव उबाई. तिचं देऊळ लहान, मूर्ती म्हणजे शेंदूर फासलेला एक तांदळा, बिनघडीव दगड. गावाचा खरा जीव होता तो देवीच्या घोंगडीत. काळी, जाड, कडेला पांढऱ्या लोकरीची रेघ असलेली घोंगडी. असं म्हणतात, एका साली असं हिव पडलं की गोठ्यातली जनावरं उभ्याउभ्या आखडली. तेव्हा देवीने अंगावरची घोंगडी काढून गावाला दिली आणि दोन नेम घालून दिले. घोंगडीने रोज नव्या घरी निजायचं, आणि तिला कधी पाणी लावायचं नाही. पाणी लागलं की ऊब विझेल.

गावाने ते नेम पाळले. दिवेलागणीला आदल्या घरची बाई घोंगडी डोक्यावर घेऊन पुढच्या घरी जायची. तिथे तिला ओवाळत, आणि घरातली सगळी, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत, तिच्याखाली अंग टाकत. पाटलाच्या घरापासून वेशीपर्यंत, आणि वेशीपासून पुन्हा पाटलाकडे, अशी ती फिरायची. वेशीबाहेर मात्र ती जात नसे. वेशीबाहेर ओढ्याकाठी एकच घर होतं, परटाचं. त्या घरात अनसा राहायची.

अनसाचा नवरा तरणाताठा गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली ती कपड्यांची भट्टी, एक गाढव आणि गावाचं धुणं. भट्टी म्हणजे दगडाचं चुलाण, त्यावर पाण्याचं मोठं तपेलं, आणि तपेल्याच्या तोंडावर रचलेले कपडे. खाली जाळ घातला की पाणी उकळायचं आणि वाफ कपड्यांच्या घड्याघड्यांतून वर चढायची. असला मळ नव्हता जो त्या वाफेपुढे टिकेल.

परटाकडे गावाचं काही लपत नाही. अनसा कपडा उलटा करून बघायची आणि तिला माणूस दिसायचा. कुणाच्या बंडीच्या मानेशी कोंड्याची पांढरी भुकटी. कुणाच्या धोतराला पिवळा डाग, म्हणजे मांडीवरचं इसब ओलं झालेलं. पोरांच्या झबल्याला पाठीवर घामाचे कडक पट्टे, म्हणजे घामोळ्या. बायकांच्या लुगड्यावर कमरेच्या गाठीपाशी लाल-तपकिरी वळसा दिसला, की ती हळूच विचारायची, "ओलं लुगडं तसंच नेसता का गं?" नायटा ओलसर जागी वस्ती करतो, कडेने वाढतो आणि मधे बरा झाल्याचं सोंग करतो, हे तिने कपड्यांवरूनच ओळखलं होतं. ती सांगायची, गाठ सैल ठेवा, अंग कोरडं करा, वाळलेलंच नेसा. वर करंजाच्या तेलात गंधक खलून द्यायची. गंधक तिला विकत आणावं लागत नसे. तिच्या घरामागे कोमट पाण्याचा एक झरा होता. त्याला नासक्या अंड्यासारखा वास यायचा आणि दगडांवर पिवळी साय धरायची. गावाने त्या झऱ्याला भुताचा झरा म्हणून सोडून दिलं होतं. अनसा हिवाळ्यात तिथेच धुणं धुवायची, कारण हात गारठत नसत.

एक गोष्ट मात्र होती. अनसाला स्वतःचा भरवसा नव्हता. ती लगेच काही सांगत नसे. म्हणायची, "आज दिसलं ते दिसलं. चार दिवसांनी परत दाखवा. माझी नजर चुकतेही." लोक हसायचे. बायका म्हणायच्या, अनसाला विचारलं की सूर्य कुठं उगवतो, तर म्हणेल, उद्या बघून सांगते. पण बरं वाटायचं, म्हणून पुन्हा जायचे.

मग ते साल आलं. सुगी संपली आणि गावाला खाज सुटली. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटांवर, कमरेला, काखेत. दिवसा कशीबशी सोसायची, पण पांघरुणाखाली अंग तापलं की पेटायची. बारीक पुरळ, त्यावर नखांचे ओरखडे. माणसं झोपेना झाली. औतामागे चालताना बैलाच्या आधी माणूस डुलक्या घ्यायचा. घरोघर सासू सुनेवर, सून पोरावर, पोर कुत्र्यावर खेकसायला लागलं.

खाज म्हटली की खाजवणाऱ्याला कारण हवं असतं. गावाला कारण सापडलं चिमामध्ये.

चिमा ही राहीबाईची सून. दोन वर्षांपूर्वी घाटाखालून लग्न होऊन आली होती. अंगाने सडपातळ, बोलायला मोकळी, आणि कडेवर चार महिन्यांचा मुलगा. बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही मनगटांवर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग उमटले होते. दुधासारखे पांढरे. खाज सुटण्याच्या आधीच ते आले होते, पण हे कोणी ध्यानात घेतलं नाही. कोणीतरी पाणवठ्यावर म्हणालं, हा महारोग आहे. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक असल्यासारखं झालं. तिच्या घड्यात कोणी पाणी घालेना. तिच्या हातची भाकरी राहीबाई गाईला घालू लागली.

अनसा आपल्या परीने झटत होती. पहिल्यांदा पाटलाच्या घरचं बोलावणं आलं. बहिर्जी पाटील मोठा माणूस, आवाजाने वाडी हलवणारा. पण खाजेने त्याचाही कणा मोडला होता. अनसाने त्याच्या घरच्या सगळ्यांना गंधकाचं तेल मानेपासून तळपायापर्यंत चोळायला लावलं, त्यांचे कपडे भट्टीत घातले. घर शांत झालं. पाटलाने तिला लुगडं दिलं. मग शेजारच्या घराने बोलावलं, मग त्याच्या शेजारच्या. घरं एकेक करून बरी होत गेली. आणि मग पाटलाचं घर पुन्हा खाजवायला लागलं. मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं.

पाटलीणबाई म्हणाल्या, "तेल देते की खाज पेरते ही?" ते वाक्य सगळ्या गावात फिरलं. अनसा भट्टीपाशी बसून राहिली. तिला वाटलं, ओळखण्यातच चुकलं. खरूज म्हणाले, ती खरूज नसेल. मला काय कळतं? मी धुणं धुणारी. पाटलाने दिलेलं लुगडंही तिने नेसलं नाही, घडी करून ठेवलं.

इकडे पारावर गाव बसलं आणि ठरलं. येत्या बाजाराच्या दिवशी चिमाला वेशीबाहेर काढायचं. डोंगरापल्याड, जिथे तिचं नाव कोणाला ठाऊक नाही, तिथे तिने जावं. मुलगा गावाचा, मुलगा राहील. चिमाचा नवरा मान खाली घालून बसला होता, तो तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमा मुलाला घेऊन ओढ्यावर आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, "अनसामावशी, मला काही सांगू नका. एवढंच बघा, पोराला माझं लागलंय का. लागलं असेल तर माझ्या पायांनी जाते. नसेल लागलं, तर कुणाच्या पदरात घालू ते सांगा."

अनसाने बाळाचे तळवे उघडले. इवल्याशा तळव्यांवर आणि तळपायांवर पुरळ होतं, बोटांच्या बेचक्यांत बारीक रेघा. तान्ह्यांना खरूज अशीच होते. पांढरा डाग एकही नव्हता. मग तिने चिमाचे हात हातात घेतले, उन्हात धरले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. डाग पांढरेशुभ्र, कातडी मऊ, डागावरची लवही पांढरी. महारोगाच्या जागा तिने पाहिल्या होत्या. एके काळी देवळाबाहेर बसणारा एक म्हातारा तिला कपडे धुवायला द्यायचा. त्याच्या डागांवरून निखारा घरंगळला तरी त्याला कळलं नव्हतं. त्याच्या धोतराला जळाल्याची भोकं असत आणि तो विचारायचा, ही कुठून आली.

अनसाने जुन्या धोतराच्या दशीतून एक सूत ओढलं. चिमाला म्हणाली, "डोळे मीट. कुठं लागलं ते सांग."

सूत डागावर टेकलं न टेकलं तोच चिमा म्हणाली, "लागलं."

दुसऱ्या डागावर. "लागलं." ओठाच्या कडेला. "लागलं." अनसा मधेच सूत हवेत धरून गप्प राही, तेव्हा चिमाही गप्प राही. अनसाने पुन्हा केलं, परत केलं. तिचा स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून ती इतक्या वेळा करत होती. शेवटी चिमालाच हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं हसू होतं ते. म्हणाली, "मावशी, गुदगुल्या होतात आता."

"मग हे कोड आहे," अनसा म्हणाली. "रंग गेलाय, जीव नाही गेला. ना खाजत, ना कुणाला लागत. खाज तुझी आणि पोराची वेगळी. ती सगळ्या गावाची आहे."

पण ती कुठून येते, हे तिला कळत नव्हतं. ती नुकतं आलेलं धुणं लावायला उठली. परटाचा एक रिवाज असतो. कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घरच्या कपड्याला कोपऱ्यात बिब्ब्याची खूण असते, आणि धुण्याआधी मांडताना घरांच्या ओळीनेच मांडतात. पाटलाचं पहिलं, वेशीपाशी राहणाऱ्याचं शेवटचं. अनसा ओळीने कपडे मांडत गेली. पाटलाच्या कपड्यांवर रक्ताचे जुने, करपलेले ठिपके. शेजाऱ्याच्या कपड्यांवर त्याहून नवे. पुढच्याच्या त्याहून नवे. एका घरावर अगदी ताजे, लाल. आणि त्यापुढची बरी झालेली घरं अजून स्वच्छ. जणू काही चालत होतं, घराघराने, एकही घर न चुकवता.

तिने चिमाला विचारलं, काल घोंगडी कुणाकडे होती? चिमाने घर सांगितलं. परवा? त्याच्या अलीकडचं. अनसाने ताज्या ठिपक्यांकडे बघितलं. ते त्याच घरांचे होते. तिला कळलं, आणि कळल्याची भीती वाटली. तिच्या अंगाला खाज नव्हती. ती समजत होती, झऱ्याची कृपा. पण तिच्या घरी घोंगडीही येत नव्हती. यातलं नेमकं कशामुळे ती वाचली, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, असं म्हणतात. तिने ते ठरवलंही नाही. जेवढं दिसलं होतं, तेवढं घेऊन ती पाराकडे निघाली.

बाजाराच्या दिवशी सगळं गाव पारावर होतं, खाजवत. चिमा एका बाजूला उभी, मुलगा राहीबाईच्या मांडीवर. अनसा पुढे आली तेव्हा पाटील म्हणाला, "अनसे, तुझं तेल बघितलं आम्ही."

"बघितलंत ना पाटील. आता एक सूत बघा."

तिने चिमाचे डोळे पदराने बांधले आणि सूत पाटलाच्याच हातात दिलं. म्हणाली, माझ्या हातावर विश्वास नको, माझाही नसतो. पाटलाने हातभर लांबूनच सूत टेकवलं. "लागलं," चिमा म्हणाली. पाटील जरा जवळ आला. "लागलं." त्याने फसवायला नुसताच हात हलवला. चिमा गप्प. पुन्हा टेकवलं. "लागलं, पाटील."

अनसाने सांगितलं, ज्या जागेला सूत कळतं, ती जागा महारोगाची नाही. तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "आणि कळलं नसतं तर?"

अनसा त्या बाजूला वळली. म्हणाली, "तर तिला औषधाची जास्त गरज होती. तिला बाहेर काढून तुमची खाज गेली नसती."

मग तिने घोंगडीचं सांगितलं, खाज तिच्याबरोबर घरोघर फिरते. ती सांगायला लागली तसा गावाचा चेहरा बदलला. देवीवर आळ? गुरव उठून उभा राहिला. राहीबाईने कानावर हात ठेवले. पाटील शांतपणे म्हणाला, "घोंगडीला पाणी लावलं तर गावाची ऊब जाईल. वाडवडलांचा नेम आहे."

"नेम मोडायचा नाही," अनसा म्हणाली. "मी तिला पाणी लावणार नाही. भट्टीवर ठेवीन. पाणी खाली राहतं पाटील, वर नुसती वाफ जाते. इतकी वर्षं उबाईने गावाला ऊब दिली. एक दिवस गावाने तिला द्यावी."

मग पाटलाने विचारलं, "आणि तू चुकलीस तर?"

हा प्रश्न अनसा जन्मभर स्वतःला विचारत आली होती. ती म्हणाली, "चुकेनही. चुकले तर चिमाबरोबर मीही जाते. मग धुणं कोण धुईल, तेवढं ठरवून ठेवा."

पारावर कोणीतरी हसलं, आणि हसू खाजेसारखंच पसरत गेलं. पाटलाने मिशीवरून हात फिरवला. त्याच्याही बेचक्या खाजत होत्या. तो म्हणाला, "लाव भट्टी."

अनसाची एकच अट होती. सगळं गाव एकाच दिवशी. एक घर राहिलं, तर ते घर बाकीच्यांना परत देईल. ज्याला खाज नाही, त्यानेही यायचं. दुसऱ्या सकाळी सगळं गाव ओढ्यावर उतरलं. भुताच्या झऱ्यात अंघोळी झाल्या, नखं कापली गेली, मग अंग कोरडं करून तेल. बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीभोवती. तान्ह्यांना पातळ करून, तळहात-तळपायांनासुद्धा. आणि अंगावरचे, अंथरुणातले, खुंटीवरचे, सगळे कपडे भट्टीत. गावाकडे नेसायला काही उरलं नाही. लोक केळीच्या पानांत आणि बारदानांत उन्हात बसले. पाटील धान्याच्या रिकाम्या पोत्यात बसला होता. असं म्हणतात, त्या दिवशी पाटील कोण आणि रामोशी कोण, हे उंबरदरीत कोणालाच ओळखता आलं नाही.

पण गाव मोठं होतं आणि भट्टी एकट्या परटाची. दुपार कलली तरी ढीग संपेना. लाकूड संपलं. घोंगडी सगळ्यात वर ठेवायची होती आणि खालची वाफ मंदावत चालली. चिमा ओंजळीने पाचोळा घालत होती, तोही संपला. गुरव म्हणाला, देवी नको म्हणते आहे. अनसाने एकदा देवळाकडे पाहिलं, एकदा चिमाकडे, आणि हातातलं कपडे बडवायचं धोपाटणं झऱ्याच्या दगडावर मारलं. रागाने मारलं की भीतीने, कोण जाणे.

असं म्हणतात, तेव्हा दगड फुटला. खालून उकळतं पाणी उसळलं, आधणासारखं, ते चुलाणाखाली शिरलं आणि भट्टीचं तपेलं जाळाशिवाय खदखदू लागलं. वाफेचा असा लोट उठला की डोंगर दिसेनासे झाले. घोंगडी त्या वाफेवर फुगली, जणू तिच्याखाली कोणी कूस बदलतं आहे. काही जण म्हणतात, वाफेत एक बाई उभी होती, गळ्याशी पांढरी रेघ असलेली. काही जण म्हणतात, नुसतं धुकं होतं. झरा मात्र तेव्हापासून कढत आहे, एवढं कोणीही हात घालून बघू शकतं.

संध्याकाळी घोंगडी खाली उतरवली. पाटलाने तिला गालाला लावलं. ती गरम होती. पूर्वी कधी नव्हती इतकी गरम.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण खाज त्या दिवशी गेली नाही. लोक दुसऱ्या दिवशीही खाजवत होते, तिसऱ्याही. पुन्हा बोटं अनसाकडे वळू लागली. ती स्वतःही हादरली. पण कपडे बघितले तर नवे ठिपके उमटत नव्हते. तिने सांगितलं, "विझल्या चुलीची राखही काही वेळ गरम असते. थांबा. आठवडा झाला की तेल आणि भट्टी आणखी एकदा, मागे खरजेच्या किड्याची अंडी राहिली असतील तर तीही जातील." लोक कुरकुरत थांबले. तोवर घोंगडी देवळातच निजली.

आणि मग एक सकाळ अशी आली, की उंबरदरीत कोणी उठलंच नाही. सूर्य डोंगरावर आला, गाई हंबरून थकल्या, कोंबडे ओरडून गप्प बसले. घाटाखालून आलेला तेली दारोदार हाका मारत फिरला आणि गावावर काही आपत्ती आली म्हणून घाबरून पळत सुटला. ज्याचा कितीतरी रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, ते सगळं गाव गाढ झोपलं होतं. राहीबाईला जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं आणि चिमा चुलीपाशी भाकरी थापत होती. राहीबाई तिच्यासमोर बसली. पहिली भाकरी तव्यावरून उतरली, ती तिने आपल्या हाताने उचलली आणि खाल्ली.

चिमाचे डाग गेले नाहीत. पुढे कोपरापर्यंत चढले, आणि तिथे थांबले. पण त्याच हातांनी ती अनसाकडे तेल खलायला शिकली, आणि लोक त्याच हातांनी तेल लावून घ्यायला लागले. अनसा शेवटपर्यंत म्हणत राहिली, चार दिवसांनी परत दाखवा. ती कशी गेली, याच्याही दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे म्हातारपणाने, चिमाच्या मांडीवर. दुसरी म्हणजे भट्टी लावताना वाफेत शिरली आणि वाफ ओसरली तेव्हा दगडावर फक्त धोपाटणं होतं. उंबरदरीला दुसरी आवडते. पहिली खरी असेल.

आजही सुगी संपली की उंबरदरीत भट्टीचा दिवस असतो. त्या दिवशी गावातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण कढत झऱ्यापाशी उकळतं आणि सगळ्यात वर घोंगडी वाफेवर ठेवतात. ती आता वेशीबाहेर, ओढ्याकाठच्या घरीही जाते, आणि एका घरून दुसऱ्या घरी जाण्याआधी वाफ घेते. तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण त्या दिवशी मलमाच्या नळ्या घेऊन पारावर बसते. खरूज निघाली तर ती सगळ्या घराला मलम देते, आणि नायट्याला कोरडं राहायला सांगते. डाग असलेल्याला डोळे मिटायला लावते आणि कापसाची वात टेकवते. एखाद्याला नाही कळलं, तर त्याला शेजारी बसवून घेते, चहा पाजते आणि गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावते. तो घरी जातो, डोंगरापल्याड नाही.

आणि गावात नवी सून आली, की उंबरा ओलांडण्याआधी सासू धोतराच्या दशीतून एक सूत ओढते. सुनेला डोळे मिटायला सांगते, तिच्या मनगटावर सूत टेकवते आणि मग पदर बाजूला करून आपलंही मनगट पुढे करते. सून सासूच्या मनगटावर सूत टेकवते.

"लागलं?"

"लागलं."

मग दोघी आत जातात.